गोष्टीच्या मापाचा सिंह

पेंढामामाच्या दुकानात गेल्या कित्येक वर्षांत चिमूटभरसुद्धा पेंढा आलेला नव्हता. आत सगळा फोम, माती, तारा, टाचण्या आणि खोके भरून काचेचे डोळे. पण बापाच्या काळी मेलेल्या जनावरांत पेंढाच भरत. बाप पेंढेवाला झाला, आणि मुलगा गल्लीभर सगळ्यांचा मामा असल्यामुळे पेंढामामा. आपल्या धंद्याला मामा कला म्हणायचा. मामी मेलेल्यांचं ब्यूटी पार्लर म्हणायची. गिऱ्हाइकांसमोर मात्र तीही कलाच म्हणायची, कारण वरच्या दोन खोल्यांचं भाडं कलेतूनच निघत होतं.

बाप शाळांसाठी घुबडं, पोपट आणि पाणकोंबड्या करायचा. त्यांना कोणी मारलेलं नसे. ती बिचारी आपापल्या कारणाने मेलेली असत, आणि त्यांच्यासारखाच तो धंदाही मरायला टेकला होता. मामाने दुकान हातात घेतलं आणि बड्या शिकाऱ्यांना धरलं. हे लोक विमानाने लांबलांबच्या देशांत जायचे, परवाना काढून मोठं जनावर मारायचे आणि कातडं मीठ लावून घरी धाडायचे. मामाकडे येताना जनावर म्हणजे नुसती घडी असायची. जाताना डरकाळी असायची.

मामाची कामाची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की त्याला दारातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, हातात पाण्याचा ग्लास द्यायचा आणि म्हणायचं, "सांगा साहेब, कसा मारलात?" शिंपी अंगाचं माप घेतो, मामा गोष्टीचं घ्यायचा. गोष्टीत जनावर जेवढं भडकलेलं, तेवढा जबडा उघडा. गोष्टीत ते जेवढं जवळ आलेलं, तेवढा पंजा वर. एका वकीलसाहेबांचा रानरेडा आला होता, त्याला गोळी लागली होती शेपटीच्या बाजूने. वकीलसाहेब म्हणाले, समोरून चाल करून आला. मामाने मागचं भोक शिवलं, केस विंचरले, शिंगं खाली केली आणि रेड्याला समोरून चाल करायला लावली. गोळी मागे कशी पोचली, हे त्याने विचारलं नाही. वळून गेली असेल. वकिलाची गोळी.

अशाने झालं असं, की मामाच्या हातून गेलेलं एकही जनावर झोपेत, चरताना किंवा पळताना मेलेलं नव्हतं. गावातल्या मोठ्या दिवाणखान्यांच्या भिंती बघत कोणी हिंडला असता, तर त्याला वाटलं असतं, की जगातली यच्चयावत जनावरं कामधंदा सोडून माणसांच्या अंगावर धावून जातात, आणि माणसं बिचारी स्वतःचा जीव वाचवायला तिकिटं काढून पार तिथपर्यंत जातात.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण एकच होती, आक्का.

आक्का म्हणजे मामाची थोरली बहीण. जन्मभर दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त झालेली, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. एकटी म्हणजे ढब्बूबरोबर. ढब्बू हा तिचा कुत्रा, कुठल्याही जातीत न बसणारा आणि कुठल्याही खुर्चीत न मावणारा. आई लवकर गेली, तेव्हा मामाचं नाक पुसण्यापासून त्याला शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं आक्काने केलं होतं. लहानपणी त्याने बापाच्या शेजारी बसून पहिली चिमणी केली, वाकड्या चोचीची, तेव्हा "छान झालीय" म्हणणारी आक्काच. शिकाऱ्यांची कामं सुरू झाली आणि तो शब्द तिने जणू कुलूपबंद केला. भावाकडे ती यायची, वहिनीशी गप्पा मारायची, जेवायची, पण यायची ती बाहेरच्या लोखंडी जिन्याने. दुकानातून वर जाणारा सरळ रस्ता तिने टाकलाच होता.

मामा तिला समजवायला कमी करत नसे. शिकाऱ्यांची सगळी बाजू त्याला तोंडपाठ होती. जनावर म्हातारंच असतं. परवान्याची रक्कम जंगलालाच जाते. त्यावर रखवालदार पोसले जातात, गावाला मटण मिळतं. यातलं सगळंच काही खोटं नव्हतं, म्हणून तर तो ते इतक्या जोरात सांगायचा.

"मग नुसते पैसे द्या ना," आक्का म्हणायची. "पैसे द्यायला बंदूक कशाला लागते?"

"आक्का, तू कोंबडी खातेस की नाही?"

"खाते. खाऊन ताट घासते. तिच्या मुंडक्यावर पाय ठेवून फोटो नाही काढत."

"मी तरी कुठे मारतो? मी फक्त उभं करतो."

"हो रे बाबा. ते पाडतात, तू उभं करतोस. चांगली जोडी जमलीय."

मामी स्वयंपाकघरातून हसायची. मामाला ते हसणंच जास्त लागायचं.

अशात एक दिवस नळसाहेब आले. न्हाणीघराच्या सामानाचा त्यांचा मोठा व्यापार. गावातला प्रत्येक माणूस सकाळी उठल्याउठल्या पहिला हात त्यांच्याच मालाला लावायचा. नवीन शोरूम उघडायची होती आणि उद्घाटनाला दारात सिंह हवा होता. स्वतः मारलेला.

"बसा साहेब," मामा म्हणाला. "सांगा."

साहेबांनी शिकारीचे फोटो टेबलावर टाकले आणि खुर्ची पुढे ओढली. "काय सांगू मामा. उन्हातान्हात माग काढला. सगळीकडे सामसूम. आणि एकदम गवतातून निघाला. डोळ्यांत नुसता अंगार. मी गाडीतून..."

"गाडीतून?"

"गाडीजवळून हो. गाडी आपली बाजूला होती. मी आणि तो, समोरासमोर. तिसरं कोणी नाही."

"फोटो झकास आलेत पण," मामी जिन्यावरून म्हणाली.

"हां, म्हणजे वाटाड्या होता. ड्रायव्हर होता. ड्रायव्हरचा भाऊ शूटिंग करत होता. पण तसं बघायला गेलं तर मी आणि तो."

मामाने माप घेतलं. जबडा पूर्ण उघडा, कान मागे चिकटलेले, उजवा पंजा वर. साहेब खूश झाले. जाताना म्हणाले, "मामा, त्याच्याकडे बघून गिऱ्हाइकाचे पाय लटपटले पाहिजेत." नळाच्या दुकानात येणाऱ्याचे पाय कशाला लटपटायला हवेत, हे मामाला कळलं नाही. पण गिऱ्हाइकाला उलट विचारायची त्याची रीत नव्हती.

कातडं उलगडल्यावर त्याला एक गोष्ट मात्र दिसली. नाकावर ओरखडा नव्हता, कान शाबूत, आयाळ विंचरल्यासारखी. रानात मारामाऱ्या करत जन्म काढलेल्या सिंहाचं तोंड जुन्या पायपुसण्यासारखं झालेलं असतं. हा म्हणजे लाडाकोडात वाढलेला दिसत होता. नशीबवान असेल, असं मामाने स्वतःला सांगितलं आणि कातडं कमवायला टाकलं.

त्याच सुमारास ढब्बू मेला. म्हातारपणाने, दुपारी, उन्हाच्या तुकड्यात पडल्यापडल्या.

संध्याकाळी दुकानाच्या पुढच्या दारात आक्का उभी. हातात चादरीत गुंडाळलेलं ओझं. मामाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. आक्काने आत पाऊल टाकलं, भिंतीवरच्या एकाही मुंडक्याकडे न बघता सरळ लाल खुर्चीत येऊन बसली आणि चादर मांडीवर ठेवली.

"मला जमिनीत पुरवत नाही त्याला," ती म्हणाली. "मूर्खपणा आहे, माहितीय मला. इतकी माणसं या हातांनी झाकली, आणि एका कुत्र्याला माती देववत नाही. तू करशील?"

मामाने पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला. सवयीने तोंडात प्रश्नही आला होता, तो त्याने जेमतेम गिळला. मग म्हणाला, "कसा होता, सांग."

"तुला माहीत नाही कसा होता? तुझ्या चपला खाल्ल्यात त्याने."

"तरी सांग."

आक्का बोलत राहिली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्याचं झाकण वाजलं की घरात कुठेही असला तरी यायचा. धावत नाही, ढब्बूच तो, दुडक्या चालीने. समोर येऊन बसायचा, कान पुढे, मान जराशी वाकडी. बिस्किटाकडे नाही बघायचा, डब्याकडे बघायचा. "मला तसा हवाय," आक्का म्हणाली. "वाट बघताना."

मामाने मान डोलावली. त्याच्या मनात एकच गोष्ट होती. आक्का पुढच्या दाराने आत आली होती. हे काम जमलं तर ती एकदा म्हणेल, छान झालंय. त्या एका शब्दासाठी हा माणूस पन्नाशी उलटल्यावरही चिमणीएवढा व्हायला तयार होता.

आणि हात दगा देऊन बसले.

ढब्बूचं अंग सुरेख बसलं. पोटाचा गोल, मागच्या पायांची बैठक, सगळं जिथल्या तिथे. तोंड मात्र जमेना. डोळ्यांभोवती माती लावायला बसलं की बोटं आपसूक भुवया खाली दाबायची. ओठांची कड आत घ्यायची, तर ती वर उचलली जायची आणि एक सुळा डोकवायचा. कान पुढे टाचले तरी ढब्बू असा दिसायचा, की आता कोणाचा तरी घोटा जाणार. मामाने कातडं पुन्हा ओलं केलं, माती काढली, नव्याने लावली. या वेळी ढब्बू जास्तच चिडला.

मामीने बघितलं. "अहो, हा कोणाच्या अंगावर धावतोय?"

"कोणाच्या नाही. बिस्कीट मागतोय."

"असं मागितलं तर मी सगळा डबाच देऊन टाकीन."

"तुला चेष्टा सुचते."

"चेष्टा नाही हो. वन्सं हे बघून जिना सोडा, गल्लीच टाकतील."

इतकी वर्षं जगातल्या सगळ्या जनावरांना राग शिकवून मामा बसला होता, आणि आता एका कुत्र्याचा राग त्याला उतरवता येत नव्हता. आरशासमोर उभं राहून त्याने स्वतःच वाट बघितल्यासारखं तोंड करून पाहिलं. बिल मागायला आलेल्या माणसासारखं झालं.

दरम्यान सिंहाचं कातडं कमावून आलं. मामाने उघड्या जबड्याच्या साच्यावर ते नुसतं चढवून ठेवलं, अजून चिकटवलेलं नव्हतं. साहेब बघायला आले आणि फोन काढत म्हणाले, "मामा, तुम्हाला खरं शूटिंग दाखवतो. घरच्या लोकांना दाखवतो त्याला पोराने गाणं लावलंय, मागे डरकाळी घातलीय. पण तुम्ही कलाकार. तुम्ही मुळातलं बघा."

सुरुवातीला लांबवर जाळीचं कुंपण दिसलं. साहेबांनी ते अंगठ्याने चटकन पुढे सरकवलं. मग गाडीचं बोनेट, त्यावर टेकलेली बंदूक, पलीकडे गवत. कोणीतरी पत्र्यावर हात मारत होतं. ठण, ठण, ठण.

"हा आवाज कसला?" मामाने विचारलं.

"ड्रायव्हर डबा वाजवतोय. सिंहाला चेतवत होता."

गवत हललं आणि सिंह बाहेर आला. धावत नाही, दुडक्या चालीने, जेवायची हाक आल्यावर घरचं माणूस येतं तसा. गाडीसमोर येऊन तो मागच्या पायांवर चक्क बसला. कान पुढे, मान जराशी वाकडी. बंदुकीकडे त्याने बघितलंच नाही. तो बघत होता गाडीच्या मागच्या भागाकडे, आवाज येत होता तिकडे. एकदा त्याने जिभेने ओठ चाटले. मग स्क्रीन हादरली.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "कसा चाल करून आला."

तो डबा कशाचा होता, हे मामाला कळलं. आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगायचं, त्याच्यातला कारागीर आनंदाने उडाला. हेच ते तोंड. हेच त्याला इतके दिवस सापडत नव्हतं.

"परत लावा," तो म्हणाला.

साहेबांनी परत लावलं. मामाने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. "मान वाकडी करतो ना, तिथे थांबवा." पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्याने कानांचा कोन काढला, डोळ्याच्या वरच्या पापणीची रेघ काढली, ओठांची मिटलेली कड काढली. साहेब शेजारी कौतुकाने उभे होते. आपल्या सिंहाची इतकी बारीक कदर अजून कोणी केली नव्हती.

साहेब गेले आणि मामाने पुठ्ठा समोर ठेवून ढब्बूला हात घातला. भुवया सुटल्या. सुळा आत गेला. कान बसले. हुबेहूब ढब्बू तिथे बसला होता आणि कुठूनतरी डबा वाजायची वाट बघत होता. मामाने हात धुतले. मग उगाच पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. पुढच्या दाराने. ढब्बूसमोर ती कितीतरी वेळ उभी राहिली, मग वाकून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"हाच," ती म्हणाली. मामा पुढच्या शब्दाची वाट बघू लागला. पण आक्का नर्स. समोरचा काय लपवतोय, हे विचारायची तिला जन्माची सवय. "तू कधी बघितलास त्याला असा? तू आलास की तो चपलेच्या मागे असायचा."

मामाला सांगता आलं असतं, की तू सांगितलंस त्यावरून केला. इतकी वर्षं गोष्टींवरूनच करत आला होता. पण तोंडातून निघालं, "त्याच्यावरून," आणि त्याने सिंहाकडे बोट दाखवलं.

आक्काने पहिल्यांदा त्या कोपऱ्यात बघितलं. उघडा जबडा, वर उचललेला पंजा.

"हा तर डरकाळी फोडतोय."

"आता फोडतोय. तेव्हा नव्हता. कुंपणात पाळलेला होता. गाडीतून जेवण यायचं. डबा वाजवला की यायचा." मामा थांबला. "त्या दिवशी पण वाजवला."

  आक्काने ढब्बूच्या डोक्यावरचा हात काढला.

"म्हणजे त्याचं तोंड तू याला दिलंस," ती म्हणाली, "आणि त्याला हे लावलंस."

"ऑर्डर आहे, आक्का."

"असेल." तिने पिशवी उचलली. "ढब्बूला इथेच राहू दे. त्याचं तोंड त्याला परत दे, मग मी याला न्यायला येते."

"अगं, मेलेल्या सिंहाला काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत," आक्का म्हणाली. "मी तुझं विचारतेय." आणि ती गेली.

मामा दोन दिवस सिंहाकडे पाठ करून काम करत राहिला. मामीने कारण विचारलं नाही, म्हणजे तिला ते माहीत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने करवत घेतली आणि साच्याचा जबडा कापला.

"अहो, साहेब काय म्हणतील?" मामी म्हणाली.

"म्हणतील ते म्हणतील."

"मग पंजा पण खाली घ्या. वाट बघणारं कोण एका पायावर बसतं?"

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब टेम्पो घेऊन आले. सिंह मधोमध बसला होता. तोंड मिटलेलं, कान पुढे, मान जराशी वाकडी.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"तुमचा सिंह."

"हा करतोय काय?"

"वाट बघतोय."

"कोणाची?"

"जेवणाची. तुमच्या शूटिंगवरूनच केलाय, साहेब. मुळातल्या."

साहेब लाल झाले. बोलले बरंच. मामाच्या बापाचा, कलेचा आणि पेंढ्याचाही उद्धार झाला. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, मंडपाला सिंहाच्या नावाचे फलक लागले होते, आणि एका दिवसात दुसरा सिंह मारून आणणं साहेबांच्या ऐपतीतसुद्धा बसत नव्हतं. सिंह टेम्पोत चढला.

आता मामाला वाटलं, साहेबांची चांगली फजिती होणार. मामा भोळा. फजिती व्हायला माणसाकडे एकच गोष्ट असावी लागते. साहेबांनी रातोरात दुसरी बेतून घेतली. इतकी वर्षं मामा गोष्टीच्या मापाने जनावर शिवत आला होता, साहेबांनी जनावराच्या मापाने गोष्ट शिवली. शोरूमच्या दारात, चकचकीत कमोडांच्या रांगेपाशी उभं राहून ते पाहुण्यांना सांगू लागले, की सिंह चाल करून आला खरा, पण माझ्या डोळ्यांत बघितलं आणि बसला. शरण आला. जनावराला माणसाची पारख असते. लोक माना डोलवत होते आणि सिंहाच्या डोक्यावर हात फिरवून आत नळ बघायला जात होते. लटपटलं कोणीच नाही. धंदा फार चांगला झाला.

दोन दिवसांनी आक्का नळाचा वायसर घ्यायला तिथे गेली. वायसर तिला कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळाला असता. साहेबांनी तिलाही गोष्ट सांगितली, चवीने.

"शरण आला?" आक्काने विचारलं.

"अगदी पायाशी बसला, ताई."

"बरं. आणि मग?"

"मग काय?"

"शरण आला. पायाशी बसला. त्याच्यापुढे काय झालं?"

साहेबांनी तोंड उघडलं. तेवढ्या मापाची गोष्ट त्यांच्याकडे शिवून तयार नव्हती. जबडा उघडा तो उघडाच राहिला. मग त्यांनी नोकराला हाक मारली आणि वायसर असाच फुकट देऊन टाकायला सांगितलं. आक्काने पैसे दिले आणि निघाली.

तिथून ती सरळ दुकानात आली, लाल खुर्चीत बसली आणि जे घडलं ते भावाला सांगितलं. मामा हसला नाही. ती पण हसली नाही. ढब्बू दोघांच्या मध्ये बसला होता.

"छान झालाय," मामाने न राहवून स्वतःच विचारलं, "असं नाही म्हणणार तू?"

"नाही," आक्का म्हणाली. "याचं तोंड एका सिंहाच्या जिवावर आलंय. छान कसं म्हणू?"

मामाने मान खाली घातली.

"चहा टाकायला सांग मात्र," ती म्हणाली. "इथेच घेते. जिना चढवत नाही आता."

शिकाऱ्यांची कामं सुरू झाल्यापासून तिने दुकानात पाण्याचा घोट घेतला नव्हता, त्या दिवशी दुःखात दिलेला ग्लाससुद्धा तसाच ठेवून गेली होती. मामा जिन्याच्या तोंडाशी जाऊन मामीला हाक मारणार, इतक्यात फोन वाजला. लांबच्या गावचे कोणी कंत्राटदार होते. परदेशातल्या रानात बिबळ्या मारून आले होते, फार भयंकर अंगावर आला होता, कधी येऊ म्हणून विचारत होते.

मामाने आक्काकडे बघितलं. आक्का ढब्बूचे कान नीट करत होती, जणू तिला काही ऐकूच येत नव्हतं.

"या की, कधीही या," मामा फोनवर म्हणाला. "फक्त येताना शूटिंग घेऊन या साहेब. गाणं न लावलेलं. मी हल्ली त्याच्यावरूनच करतो."

 पलीकडून कंत्राटदारसाहेब म्हणाले, बघतो, कळवतो.

"आलं घालू का चहात?" वरून मामीने विचारलं.

"घाल," आक्का म्हणाली. "आणि बिस्किटं आण."

कंत्राटदारसाहेबांनी काही कळवलं नाही.